काळ्या पट्ट्यांचा दिवस

समाजशास्त्राच्या बाईंना एक खोड होती. कुठे काही नवं ऐकून आल्या, की ते वर्गात करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. स्टाफरूममध्ये याला ‘बाईंचं खूळ’ म्हणत. गणिताचे सर तर तोंडावर सांगत, “धडा वाचा, प्रश्नोत्तरं लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. कशाला नसती उठाठेव?” बाई हसण्यावारी नेत. खूळ तर खूळ, निदान मुलं जागी राहतात, असं त्यांना वाटे.

नववीच्या पुस्तकात त्या वर्षी बाजार आणि जाहिराती यांवर एक धडा होता. बाजार आपल्याला नुसती वस्तू विकत नाही, वस्तूसोबत ‘तुम्ही कोण’ हेही विकतो, असं त्यात एका ओळीत कोंबलेलं होतं. मुलं ती ओळ घोकत आणि मधल्या सुटीत एकमेकांच्या बुटांकडे बघत. गणवेश सगळ्यांचा सारखा, पण गणवेश संपतो तिथून खरी शाळा सुरू होते, हे बाई रोज पाहत होत्या. बूट, दप्तर, पाण्याची बाटली, मनगटावरचं घड्याळ. यावरून कोण कोणाशेजारी डबा उघडणार हे ठरे. खिडकीजवळच्या बाकांवर बसणाऱ्या मुलींचा एक कंपू होता. सगळा वर्ग त्यांना ‘खिडकीवाल्या’ म्हणे. त्यांची म्होरकी बाहुली. हे नाव तिला तिच्या नाकाडोळ्यांवरून पडलेलं आणि तिला ते आवडतही असे. तिचा उजवा हात म्हणजे बाईंची स्वतःची मुलगी.

मुलीला घरात चिंगी म्हणत. शाळेत हे नाव चुकूनही काढायचं नाही, असा घरातला कायदा होता. शाळेत ती आईला ‘बाई’ म्हणायची आणि घरी आल्यावर बूट काढता काढता ‘आई, भूक’ म्हणायची. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

वर्गात दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, एक मुलगी बसे. तिला सगळे ‘पिशवी’ म्हणत. तिचं दप्तर घरी शिवलेलं होतं, जाड पडद्याच्या कापडाचं, दोन बंदांचं. मुलगी अबोल, अक्षर मोत्यासारखं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाईंनी ते नाव कानांवरून जाऊ दिलं होतं. मुलं एकमेकांना काय वाटेल ते म्हणतात, त्यात लंबू होता, चष्मिस होता, मग पिशवीही असेल. हे नाव मुळात कुणी ठेवलं, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

शिक्षकांच्या एका शिबिराहून येताना बाई एक नवी कल्पना घेऊन आल्या. त्यांनी वर्गाला सांगितलं, “उद्या येताना तुमच्या प्रत्येक वस्तूवरचं कंपनीचं नाव, चिन्ह, जे असेल ते काळ्या चिकटपट्टीनं झाकून यायचं. एक दिवस आपण नावांशिवाय राहून बघू. काय वाटतं ते मग बोलू.”

मुलांना मजा वाटली. बाईंनाही रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तेव्हा वर्गात नुसता गोंगाट होता. सगळीकडे काळ्या पट्ट्या. बुटांवर, बाटल्यांवर, घड्याळांच्या पट्ट्यांवर, कंपासपेटीवर. बाईंचं मन भरून आलं. पण मिनिटभर कान देऊन ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मुलं पट्ट्या मोजत होती.

“माझ्याकडे बघ, मोज!”

“अरे, ह्याच्या कमरेच्या पट्ट्यावरपण आहे!”

लंबूनं तर शर्टाची कॉलर उलटी करून आतली पट्टी दाखवली. ज्याच्या अंगावर काळं जास्त, तो मोठा. झाकलेलं नाव उघड्या नावापेक्षा मोठ्यानं बोलत होतं. कुणाचे बूट कुठल्या कंपनीचे हे सगळ्यांना पाठच होतं, पट्टीनं त्यावर फक्त बोट ठेवलं.

पिशवी दाराजवळ बसली होती. तिच्या कापडी दप्तरावर चार कोपऱ्यांत पट्ट्या होत्या. बुटांवर होत्या. पाण्याच्या साध्या बाटलीवर एक होती. कात्रीनं नीट कापून, सरळ रेषेत लावलेल्या. बाई तिच्याकडे बघून हसल्या आणि पुढे गेल्या. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. मनानं वाईट नव्हते, पण शाळेत मुलं कमी होत चालल्याची चिंता त्यांना खात असे. त्यांनी वर्ग बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. “वा, बाई! हे काहीतरी वेगळं आहे!” लगेच कारकुनाला बोलावलं, फोटो काढायला लावला. चेहरे हवेत म्हणून चार मुलांना पुढे घेतलं, त्यात पिशवीही होती. तिनं दप्तर छातीशी धरलं होतं आणि ती चक्क हसत होती. फोटो झाल्यावर सरांनी बाईंना व्हरांड्यात नेलं आणि कौतुकाचं पाल्हाळ लावलं.

आतून हसण्याचा मोठा लोट आला, तशी बाई धावत परत आल्या.

चिंगी पिशवीच्या बाकाशी उभी होती. नखानं टोक उचलून ती दप्तरावरची एकेक पट्टी सोलत होती. “अगं, इथे तर काहीच नाही! आणि इथे? इथेपण नाही! बाहुली, बघ ना, रिकामं झाकलंय!” सोललेली पट्टी ती बाहुलीच्या हातावर चिकटवत होती. खिडकीवाल्या पोट धरून हसत होत्या. पिशवी हात मांडीवर ठेवून फळ्याकडे बघत बसली होती. शेजारच्या गावात काही चाललंय आणि आपल्याला त्याचं काही नाही, अशा चेहऱ्यानं.

“चिंगे!” बाई ओरडल्या.

वर्ग जो फुटला, तो आवरेना. “चिंगी! ए चिंगी!” मागच्या बाकावरून कुणीतरी सूर लावला. चिंगीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. बाईंना त्या एका क्षणात कुणाकडे बघावं कळेना, आपल्या मुलीकडे, की त्या दाराजवळच्या मुलीकडे. त्यांनी दोघींकडेही बघितलं नाही. डस्टर टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, “पुस्तकं काढा.” पुढचा तास त्यांनी धडा वाचला आणि प्रश्नोत्तरं लिहून दिली.

घरी आल्यावर चिंगीनं बूट दारातच भिरकावले.

“तू वर्गात मला चिंगी म्हणालीस!”

“आणि तू काय केलंस?”

“गंमत केली. सगळे करतात.”

“ती गंमत होती? रडकुंडीला आली होती ती पोर.”

“नव्हती रडत. ती कधीच रडत नाही.”

“तिला पिशवी कोण म्हणालं पहिल्यांदा?”

चिंगीनं पाठ फिरवली. उत्तर बाईंना नको होतं आणि ते समोर उभं होतं.

“तू? तुला काही वाटलं नाही? आपण या गावात नवीन आलो, तेव्हा तुला काय काय म्हणत होते, विसरलीस?”

“आजोबांचे बूट,” चिंगी म्हणाली. ती भिंतीकडे बघून बोलत होती. “माझ्या बुटांना आजोबांचे बूट म्हणायचे. मी घरी येऊन रडले, तर तू काय केलंस? त्याच संध्याकाळी मला दुकानात नेलंस. सगळ्यात महाग बूट घेतलेस. आणि म्हणालीस, आता बघू कोण काय बोलतंय.”

“अगं, तेव्हा…”

“आणि खरंच कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बाहुलीनं मला जवळ बसवलं. मग?” आता ती वळली. “तूच शिकवलंस ना? मला वाटलं असंच असतं. त्यांना दुसरं कुणीतरी लागतंच बोलायला. मी नाही, तर ती.”

बाई खुर्चीत बसल्या. नवऱ्यापासून वेगळं होऊन त्या या गावात आल्या तेव्हाचे दिवस त्यांना आठवले. मुलीला काही कमी पडू द्यायचं नाही, या एका ध्यासापायी त्यांनी काय काय घेतलं होतं! आणि फक्त मुलीसाठीच कशाला? स्टाफरूममधल्या बायका पर्सवरून माणूस जोखतात, हे कळल्यावर त्यांनी स्वतःलाही एक पर्स घेतली होती. ती खांद्याला लावून पहिल्या दिवशी गेल्या, तेव्हा इंग्रजीच्या बाईंनी त्यांना आपणहून चहा विचारला होता. त्या चहाची चव त्यांना आवडली होती, हे त्यांना आता कबूल करावं लागलं. वर्गात धडा शिकवायचा एक आणि घरात दुसरा, असं त्या करत आल्या होत्या. मुलं फळ्यावरच्यापेक्षा घरातला धडाच चांगला शिकतात.

“जेवायला ये,” एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

पिशवी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. त्यानंतरही आली नाही. आठवडा उलटला आणि एका सकाळी शाळेच्या फाटकावर भलामोठा बॅनर झळकला. ‘आम्ही मुलांना वेगळा विचार करायला शिकवतो. प्रवेश सुरू.’ खाली तो फोटो. आणि फोटोत सगळ्यांत पुढे, पट्ट्या लावलेलं कापडी दप्तर छातीशी धरून हसणारी ती मुलगी.

बाई बॅनरखाली उभ्या राहिल्या. बाजारावरच्या धड्याचीच शाळेनं जाहिरात केली होती. त्यांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

त्याच संध्याकाळी त्या मुलीचं घर शोधत निघाल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर लाकडी जिना होता, वर दोन खोल्या. मुलीची आई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात कामाला होती. ती नुकतीच परतली होती आणि तिच्या हातांना साबणाचा वास येत होता. बाईंना पाहून ती गडबडली. तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले, पदरानंच खुर्ची पुसली.

“बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? येणार आहे ती उद्यापासून. जरा बरं नव्हतं.”

बाईंनी जे घडलं ते सांगायला सुरुवात केली. माझी कल्पना चुकली, माझ्याच मुलीनं हे केलं, मी माफी मागायला आले आहे. आईनं मध्येच हात हलवला.

“नाही, नाही. चूक आमचीच आहे.”

“तुमची कशी?”

“ते दप्तर मी शिवलं होतं. हॉटेलातले पडदे बदलले, तेव्हा जुन्यांतलं चांगलं कापड मिळालं. म्हटलं, मजबूत आहे, फाटायचं नाही. आतून कप्पे केले, पाठीला टोचू नये म्हणून अस्तर लावलं.” ती बोलता बोलता थांबली. “मला काय ठाऊक, त्याच्यावरून पोरीला नावं ठेवतील? आधीच विकतचं घ्यायला हवं होतं. ती कधी बोललीच नाही हो. परवा खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं तिनं. काल आणली मी बॅग. ए, दाखव गं बाईंना.”

आतल्या खोलीतून मुलगी नवी बॅग घेऊन आली. निळी, चकचकीत, पुढे मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव. आईच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. “आता बघू कोण काय बोलतंय,” ती म्हणाली.

हे वाक्य बाईंचंच होतं, शब्दन् शब्द. आणि मग त्यांची नजर बॅगेवरच्या नावावर गेली. त्यात एक अक्षर चुकलं होतं. नकली माल. खिडकीवाल्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं.

आता काय करावं? आईला सांगावं, तर त्या चेहऱ्यावरचं सगळं मावळेल. न सांगावं, तर पोर उद्या पुन्हा त्याच आगीत. एकदा बाईंच्या मनात आलं, आपणच जाऊन खरी बॅग घेऊन द्यावी आणि विषय संपवावा. मग त्यांना स्वतःचाच राग आला. पुन्हा दुकानच? प्रत्येक दुखण्यावर एकच औषध?

“छान आहे,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मुलगी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. जिन्यात अंधार होता आणि खालून पंपाचा फसफस आवाज येत होता. बाई अर्ध्या पायऱ्यांवर थबकल्या.

“त्या बॅगेवरचं नाव…”

“मला माहीत आहे, बाई,” मुलगी हळूच म्हणाली. “आणली तेव्हाच दिसलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तुम्ही सांगू नका तिला.”

“मग उद्या?”

“नेणार मी. तिनं आणलीय ना.” मग ती म्हणाली, “मला बॅगेचं काही नाही. तो बॅनर काढाल का? सकाळी रस्त्यावरून जाताना दिसला. त्याच्याखालून आत यावं लागतं.”

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी बाई मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये होत्या.

“बाई, प्रवेशाचे दिवस आहेत,” सर म्हणाले. “लोक विचारतायत. तुमचंच नाव होतंय ना? आणि मुलगी फोटोत हसतेय, रडत तर नाही!”

“फोटोनंतर काय झालं, ते तुम्हाला माहीत नाही, सर.”

त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या मुलीसकट. सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. “ही असली प्रकरणं बाहेर गेली, तर शाळेची अब्रू जाईल.”

“बॅनर राहिला, तर मी स्वतः तिच्या आईला सांगेन, की या फोटोची परवानगी कुणी विचारली नव्हती.”

सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं हसण्यावारी नेणाऱ्या बाई इतक्या ताठ कधी झाल्या, हे त्यांना समजेना. बॅनर दुपारपर्यंत उतरला. पण त्या दिवसापासून सर बाईंशी कामापुरतंच बोलू लागले आणि पुढच्या शिबिराला त्यांच्याऐवजी इंग्रजीच्या बाईंचं नाव गेलं.

मुलगी त्यानंतर निळी बॅग घेऊन आली. बाहुलीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आश्चर्य म्हणजे खिडकीजवळ बसायला जागा करून दिली. मुलगी गेली आणि बसली. चिंगी बाकाच्या कडेला सरकली.

बाईंनी त्या दिवशी पुस्तक उघडलं नाही.

“काळ्या पट्ट्यांची कल्पना माझी होती,” त्या म्हणाल्या. “ती सपशेल फसली. का फसली, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय. पुस्तकात उत्तर नाहीये, शोधू नका.”

मग लंबू उठला. “बाई, पट्ट्यांनी उलटंच झालं. ज्याच्याकडे झाकायला जास्त, तोच भाव खाऊन गेला.”

“म्हणजे पट्टीच काय झाली?”

“पट्टीच ब्रँड झाली!” कुणीतरी मागून ओरडलं आणि वर्ग हसला. हे हसणं वेगळं होतं, बाईंना ते ओळखू आलं.

“तू किती लावल्या होत्यास रे?”

लंबू मान खाजवू लागला. “खरं सांगू? कॉलरच्या आत काही नव्हतंच. शिंप्यानं शिवलेला शर्ट आहे. उगाच लावली होती.”

पुन्हा हशा. पण मग मधल्या रांगेतली एक मुलगी बसल्या बसल्याच म्हणाली, “मीपण. बाटलीवर.” चष्मिसनं हात वर केला, त्याच्या घड्याळावर काही नव्हतं. मग आणखी एक हात. आणखी एक. बघता बघता अर्ध्या वर्गाचे हात वर होते. मुलं माना वळवून एकमेकांकडे बघत होती. प्रत्येकाला वाटत होतं, की रिकाम्या जागेवर पट्टी लावणारे आपण एकटेच. निळ्या बॅगवाल्या मुलीचा हात वर नव्हता, पण ती त्या हातांकडे डोळे विस्फारून बघत होती.

“कुणाच्या भीतीनं लावल्या?” बाईंनी विचारलं.

हात एकेक करून खाली आले. चिंगीनं मान वर केली नाही.

“मी सांगते माझं,” बाई म्हणाल्या. “माझी पर्स बघताय? ती मला आवडली म्हणून घेतलेली नाही. शिक्षकांच्या खोलीत मला कमी लेखू नये म्हणून घेतली. आणि हा धडा तुम्हाला शिकवणारी बाई ती मीच.” तेवढ्यात घंटा झाली.

मधल्या सुटीत बाई व्हरांड्यातून जात होत्या, तर वर्गातून बाहुलीचा आवाज आला. “एक मिनिट, एक मिनिट! हे काय लिहिलंय तुझ्या बॅगेवर? अगं, स्पेलिंगच चुकलंय! डुप्लिकेट!”

बाईंचा पाय उंबरठ्यावर अडला. आत जावं, की नाही? मागच्या वेळी धावत आत जाऊन काय दिवे लावले होते?

“चुकलंय,” चिंगीचा आवाज आला. “मला सकाळीच दिसलं होतं. पुढे?”

“पुढे काय? सांगितलं का नाहीस मग?”

“नाही सांगितलं.”

“तू ना! त्या दिवशी तर एकेक पट्टी सोलत होतीस तिची. आता फार पुळका आलाय, चिंगे!”

“हो, सोलल्या,” चिंगी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “सोलल्या मी. नावपण मीच ठेवलं होतं. पुरे ना आता!”

बाकं सरकली. बाहुली आणि तिच्या मैत्रिणी डबे उचलून बाहेर पडल्या. दारात बाईंना पाहून एक क्षण चपापल्या आणि निघून गेल्या. आत चिंगी आणि ती मुलगी, दोघीच. बाईंना वाटलं, आता ती मुलगी काहीतरी बोलेल. पण गोष्टीतल्यासारखं काही झालं नाही. तिनं चिंगीकडे नुसतं बघितलं, बॅग उचलली आणि दाराजवळच्या आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. तिनं क्षमा केली नाही आणि भांडणही काढलं नाही. तिला तो अधिकार होताच.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पिशवी हे नाव वर्गातून हळूहळू गळून पडलं, लंबू आणि चष्मिस त्या मुलीला आता नावानं हाक मारत. ती मधल्या रांगेतल्या मुलीबरोबर डबा खाऊ लागली. निळ्या बॅगेबद्दल कुणी काही बोलेना, निदान उघडपणे. पण चिंगी कुणाचीच राहिली नाही. खिडकीवाल्यांनी तिला वाळीत टाकलं आणि बाकीच्यांचा तिच्यावर भरवसा नव्हता. ज्यांच्या वस्तूंची तिनं कधीकाळी टर उडवली होती, ती मुलं काही विसरली नव्हती. शाळेच्या आवारात ‘चिंगी, चिंगी’ असा सूर कुठूनही येई.

“आई, मला दुसऱ्या शाळेत घाल,” एकदा ती म्हणाली.

“घालीन. पण तिथेही खिडकीजवळची बाकं असतील.”

“मग मी काय करू?”

नव्या बुटांनी हे दुखणं बरं होणार नाही, एवढंच बाईंना कळत होतं. एके काळी केवढं सोपं होतं सगळं! आता मुलगी रडली, तरी तिला घेऊन कुठे जाता येत नव्हतं. जवळ बसायचं, बस्स. ते त्यांना फार जड जाई. वर्गशिक्षिकाही त्याच होत्या, त्यामुळे त्या चिंगीची जागा बदलू शकत होत्या, कुणाशेजारीही बसवू शकत होत्या. दोनदा त्यांनी तसं ठरवलं आणि दोन्ही वेळा मन आवरलं.

त्या धड्याची उजळणी होती, त्या दिवशी चिंगीनं हात वर केला. कितीतरी दिवसांनी तिनं वर्गात तोंड उघडलं होतं.

“बाई, एक विचारू? जाहिरात आपल्याला फसवते, हे कळलं. वस्तूवरून माणूस ठरत नाही, हेही कळलं. पण कळूनसुद्धा हवंसं वाटतंच. मला अजून वाटतं. खिडकीजवळ बसावंसं पण वाटतं. मग कळून उपयोग काय?”

कुणीतरी खुसखुसलं, पण बाकीच्यांनी त्याला साथ दिली नाही. बाहुलीसुद्धा बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. पुस्तकी उत्तरं त्यांच्या जिभेवर होती आणि त्यातलं एकही त्यांना खरं वाटेना.

“मला नाही माहीत,” त्या म्हणाल्या. “मलाही अजून हवंसं वाटतं. कुणाला सांगता येईल?”

दाराजवळची मुलगी उभी राहिली. बोलू की नको, असं करत होती. “मला ही बॅग आवडते,” ती म्हणाली. “खोटी आहे तरी. पहिल्या दिवशी खिडकीजवळ बसले ना, तेव्हा बरं वाटलं मला. खूप बरं वाटलं. पण बसल्या बसल्या एक भीती होती, की आता दाराजवळ कोण बसणार, आणि मीपण तिला हसणार का?” तिनं खिडकीकडे बघितलं. “हसले असते बहुतेक.”

एवढं बोलून ती खाली बसली. बाईंनी खडू हातात घेतला, फळ्यावर काही लिहिलं नाही आणि म्हणाल्या, “बोला. घंटा व्हायला वेळ आहे.” आणि मुलं बोलू लागली, अडखळत, एकमेकांची वाक्यं तोडत. काही खरं बोलली, काही नुसती चांगलं दिसावं म्हणून.

संध्याकाळी मायलेकी घरी निघाल्या. हल्ली चिंगी चार पावलं पुढे चाले, आईबरोबर दिसायला नको म्हणून. बाजाराच्या वळणावर मात्र ती थांबली. दुकानाच्या काचेमागे दिव्यांच्या झोतात बुटांचा एक जोड ठेवला होता, पांढरा, लाल नाड्यांचा. बाई तिच्याजवळ येऊन पोचल्या आणि त्याही बघू लागल्या.

“छान आहेत ना?” चिंगीनं विचारलं.

“छान आहेत.”

“मला हवेत.”

“हं.”

“घेऊ नकोस हं,” चिंगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. चिंगीनं तो झटकला नाही. दोघी बराच वेळ तिथे उभ्या होत्या. आतला विक्रेता काचेतून हसला आणि त्यानं दार उघडून धरलं, तशा त्या पुढे निघाल्या.